इंग्रजी शुद्धलेखनाचा काशीखंड

गेल्या माघ महिन्यात एकाच आठवड्यात माझ्या कन्येच्या तीन वह्यांत तांबड्या शाईच्या तीन रेघा उमटल्या. ती येथील एका शाळेत सहाव्या इयत्तेत शिकते. इंग्रजीच्या वहीत 'पुत्र' या अर्थाचा 'सन' लिहिताना तिने 'ओ'च्या जागी 'यू' घातला, आणि राजाला तीन सूर्य होते असे वाक्य सिद्ध झाले. हिंदीच्या वहीत तिने 'कवी' हा शब्द दीर्घ लिहिला. गुरुजींनी तो ऱ्हस्व करून दिला. तिसरी वही मराठीची. ती शाळेची नव्हे, घरची. दर रविवारी मी तिला अर्धे पान मराठी सांगतो व ती लिहिते. हिंदीचा धडा ताजा असल्यामुळे तिने त्या पानावर 'कवि' असे ऱ्हस्व लिहिले, आणि ही तिसरी रेघ मी स्वतःच्या हाताने ओढली. तेव्हा ती म्हणाली, "बाबा, हा शब्द तिकडे असा चुकतो आणि इकडे तसा चुकतो. मग तो बरोबर कुठे आहे?"

सरकारी नोकरीच्या निमित्ताने मराठी मुलुखाबाहेर संसार थाटलेल्या कोणत्याही गृहस्थास हा प्रश्न अपरिचित नसावा. मला तत्क्षणी उत्तर सुचले नाही. पुढे काही महिने रात्री जेवणानंतरचा तासभर मी याच शोधात घालविला. सुदैवाने मी ज्या नगरीत राहतो ती काशी आहे, आणि इंग्रजी भाषेच्या विचित्र वर्णलेखनाचे कोडे उलगडण्यास हिंदुस्थानात हिच्याइतकी सोयीची दुसरी जागा क्वचितच सापडेल. हे विधान प्रथमदर्शनी धाडसाचे वाटेल. म्हणून त्याची उपपत्ती क्रमाने मांडतो.

आरंभ स्वतःच्या फजितीपासून करणे बरे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी लेखनसाहित्याचे मागणीपत्रक तयार करताना मी 'स्टेशनरी' या शब्दाच्या शेवटास 'ई-आर-वाय' ऐवजी 'ए-आर-वाय' लिहिले. तेवढ्याने त्या शब्दाचा अर्थ 'लेखनसाहित्य' हा न राहता 'एका जागी स्थिर असलेले' असा झाला. वरिष्ठांनी समासात शेरा मारला: कागद जागच्या जागी स्थिर आहेत हे समजले; ते हवेत किंवा कसे, याचा खुलासा व्हावा. कचेरीत आठ दिवस तो शेरा गाजला. त्या वेळी मला एवढेच वाटले की आपण अडाणी आहोत. हे दोन शब्द सख्खे भाऊ आहेत, हे मला फार उशिरा कळले. मध्ययुगात युरोपात पुष्कळसे विक्रेते गावोगाव फिरत. विद्यापीठांच्या आश्रयाने पोथ्या विकणारा मात्र एका जागी दुकान मांडून बसे. या 'स्थानस्थ' दुकानदारास लॅटिनमध्ये 'स्टेशनारिअस' म्हणत. त्याच्या दुकानातला माल तो लेखनसाहित्याचा 'स्टेशनरी', आणि त्याचे न हलणे तो दुसरा. शब्द एक, अर्थ दोन झाले, आणि त्यांची ओळख पटावी म्हणून पुढे एका स्वराचा फरक रूढ झाला. मी चुकलो हे खरेच. परंतु ती चूक त्या शब्दांच्या जन्मकथेतच दडलेली होती.

अशा चुकांना आपल्या देशात भाकरीचे मोल केव्हा आले? काशीत संस्कृत पाठशाळा १७९१ मध्ये कंपनीचा रेसिडेंट जोनाथन डंकन याने स्थापन केली. १८१८ मध्ये जयनारायण घोषाल या काशीवासी बंगाली धनिकाने आपली शाळा चर्च मिशनरी सोसायटीच्या हवाली केली. तेथे देशी भाषांबरोबर इंग्रजी शिकविली जाऊ लागली. इकडे मुंबईस ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले. त्यात एका स्तंभात मराठी व शेजारच्या स्तंभात इंग्रजी असे, म्हणजे वाचकाने डोळा डावीकडून उजवीकडे फिरविताच एक भाषा दुसरीची शिक्षिका व्हावी. तोवर इंग्रजी हा जिज्ञासेचा विषय होता. १८४४ मध्ये गव्हर्नर-जनरल हार्डिंज याने सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांस अग्रक्रम देण्याचा ठराव केला, आणि जिज्ञासेची जागा उदरभरणाने घेतली. त्या दिवसापासून 'ई' की 'ए', एक 'एल' की दोन, हा प्रश्न व्याकरणाचा न राहता पगाराचा झाला. तुम्हीआम्ही त्या ठरावाचेच वंशज आहोत, असे म्हणावयास हरकत नाही.

या काळातील काशीच्या महाविद्यालयात तीन माणसे अशी होऊन गेली की त्यांची नावे येथे घेतलीच पाहिजेत. पहिला जेम्स बॅलंटाइन. हा १८४६ मध्ये संस्कृत कॉलेजचा प्रमुख झाला. काशीस येण्यापूर्वीच, १८३९ मध्ये, त्याने विलायतेतील विद्यार्थ्यांसाठी मराठी भाषेचे एक व्याकरण प्रसिद्ध केले होते, ही गोष्ट आपल्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. त्याची शिकविण्याची दृष्टी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पंडितांना पाश्चात्य विद्या शिकवावयाची तर ती त्यांच्या न्यायशास्त्राच्या व व्याकरणाच्या पायावरच उभारली पाहिजे. जे त्यांना आधीच येते तेथूनच जे येत नाही तेथे जावे, असा त्याचा आग्रह असे. दुसरे आपले बापूदेव शास्त्री. पुण्यास जन्मलेला हा ज्योतिर्विद मध्य हिंदुस्थानातील सीहोर येथे लॅन्सलॉट विल्किन्सन याच्या हाताखाली शिकला व १८४२ पासून काशीच्या पाठशाळेत गणित शिकवू लागला. 'सूर्यसिद्धान्ता'चे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये कलकत्त्यास छापले गेले. परभाषेत पंडिताने उभे कसे राहावे याचा हा नमुना होय.

तिसरा मनुष्य सर्वांत अद्भुत. फिट्झएडवर्ड हॉल हा अमेरिकन तरुण १८४६ मध्ये कलकत्त्यास आला तोच मुळी जहाज फुटल्यामुळे. तो येथे रमला, संस्कृत शिकला, १८५० मध्ये काशीच्या कॉलेजात अध्यापक झाला व १८५३ मध्ये संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही भाषांचा प्राध्यापक झाला. संस्कृत ग्रंथाचे संपादन करणारा पहिला अमेरिकन म्हणून त्याचे नाव घेतले जाते. पुढे तो विलायतेस गेला. बॅलंटाइनप्रमाणे त्यानेही इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयाचे ग्रंथपालपद सांभाळले, आणि नंतर सफक परगण्यातील मार्ल्सफर्ड या खेड्यात एकांतवासात राहिला. त्याच सुमारास ऑक्सफर्डचा महाकोश सिद्ध होत होता. त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला व काम १९२८ मध्ये पुरे झाले. हॉल याने १९०१ मधील आपल्या मृत्यूपर्यंत सुमारे वीस वर्षे या कोशाची मुद्रिते एक छदामही न घेता तपासली व हजारो अवतरणे पुरविली. इंग्रजी शब्दांचा जन्म, त्यांची जुनी रूपे, त्यांचे भटकणे यांचा जो सर्वांत मोठा ग्रंथ आहे, त्यावर काशीत अध्यापन केलेल्या माणसाचा हात फिरला आहे. कचेरीतून परतताना संस्कृत विश्वविद्यालयाच्या आवारातील १८५० च्या सुमाराची ती उंच कमानींची दगडी इमारत दिसली की मला हे आठवते.

बॅलंटाइनची रीत मनात धरूनच मी कन्येच्या वहीकडे पुन्हा पाहिले. जे आपल्याला येते तेथून निघावयाचे. आपल्याला काय येते? थोडे संस्कृत. सर विल्यम जोन्स याने १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एकाच लुप्त मातेच्या मुली असाव्यात असे प्रतिपादन केले, हे सर्वश्रुत आहे. इंग्रजीही दूरच्या नात्याने त्याच घराण्यातील. आता 'नेम' हा शब्द घ्या. इंग्रज त्याचे वर्णलेखन 'एन-ए-एम-ई' असे करतात आणि शेवटचा 'ई' उच्चारीत नाहीत. शाळेत आपल्याला नियम सांगतात की शेवटी मुका 'ई' आला की मागच्या स्वराचे नाव उच्चारावे. परंतु हा नियम आला कोठून? सहाशे वर्षांपूर्वी इंग्रज मनुष्य या शब्दाचा उच्चार 'नामअ' असा काहीसा करीत असे. पहिला स्वर आपल्या 'आ'सारखा दीर्घ, आणि शेवटी एक पुसट 'अ'. म्हणजे जवळजवळ आपले 'नाम'च. पुढे शेवटचा पुसट स्वर गळाला. लेखनात मात्र त्याचे अक्षर राहिले, आणि मागचा स्वर दीर्घ आहे एवढे सांगण्याचे काम त्याने पत्करले. पेन्शन घेऊनही दप्तरात रोज येऊन बसणाऱ्या जुन्या कारकुनासारखी ही त्या 'ई'ची स्थिती आहे.

मग 'नाम'चे 'नेम' कसे झाले? साधारणतः १४०० ते १७०० या तीन शतकांत इंग्रजीतील सर्व दीर्घ स्वर आपापल्या जागा सोडून वर सरकले. 'आ' सरकत सरकत 'ए' झाला, 'ए' होता तो 'ई' झाला, 'ओ' होता तो 'ऊ' झाला. जे 'ई' आणि 'ऊ' आधीच सर्वांत वर बसलेले होते त्यांना वर जागाच उरली नाही. ते फुटून 'आइ' व 'आउ' झाले. आपल्या व्याकरणातील वृद्धीत 'इ'चा 'ऐ' व 'उ'चा 'औ' होतो, त्याची येथे आठवण होते. कारणे निराळी असली तरी साम्य मौजेचे आहे. या घडामोडीला 'महान स्वरसंक्रमण' असे नाव डेन्मार्कचा भाषापंडित ऑटो येस्पर्सन याने १९०९ मध्ये दिले.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण मला आमच्या दूधवाल्याने दिले. उंदीर दुधाच्या घागरीत पडल्याची तक्रार सांगताना तो भोजपुरीत 'मूस' म्हणाला. संस्कृतातील 'मूष'चाच हा अपभ्रंश. हजार वर्षांपूर्वीचा इंग्रज शेतकरीही उंदराला 'मूस'च म्हणत असे! १०६६ नंतर नॉर्मन राजवटीत फ्रेंच वळणाचे लेखनिक आले. त्यांनी आपल्या पद्धतीप्रमाणे 'ऊ'साठी 'ओ-यू' ही जोडी वापरली. पुढे स्वर सरकला, उच्चार 'माउस' झाला, लेखन जेथल्या तेथे राहिले. काशीतला गवळी ज्या उच्चारावर आजही उभा आहे तो उच्चार लंडनने पाच शतकांपूर्वी सोडला.

आता कोणीही विचारील की उच्चार बदलले तर लेखन का बदलले नाही? येथे दोष एका चांगल्या गोष्टीकडे जातो. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधील पहिला छापखाना घातला. म्हणजे नदीला पूर येऊन पात्र बदलत असतानाच कोणी तिच्या काठाला दगडी घाट बांधावा तसे झाले. पाणी पुढे सरकले, पायऱ्या जुन्या काठावर राहिल्या. डॉ. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशाने त्या पायऱ्यांवर शिक्कामोर्तब केले. 'समुद्र' या अर्थाचा 'सी' आपण 'ई-ए'ने लिहितो आणि 'पाहणे' या अर्थाचा 'सी' दोन 'ई'ने, ते उगाच नव्हे. चौसर कवीच्या काळी हे दोन निरनिराळे उच्चार होते. समुद्रातला स्वर अधिक पसरट होता, पाहण्यातला अधिक आवळ. अठराव्या शतकापर्यंत दोन्ही स्वर 'ई'वर येऊन एक झाले. लेखनाने मात्र त्यांची जुनी ओळख सोडली नाही. 'ग्रेट' व 'ब्रेक' असे थोडे शब्द त्या वाटेवर मागे रेंगाळले, आणि आपल्या मुलांच्या वहीत अपवाद होऊन बसले.

मुक्या व्यंजनांची कथाही अशीच. 'जाणणे' या अर्थाच्या 'नो'मध्ये आरंभी 'के' आहे. सतराव्या शतकापर्यंत तो उच्चारला जात असे. तो 'के' म्हणजे आपल्या 'ज्ञा' धातूतील 'ज्'चा चुलतभाऊ होय. 'गुडघा' या अर्थाच्या 'नी'मधला 'के' हा 'जानु'तला 'ज्'. 'रात्र' या अर्थाच्या 'नाइट'मधले 'जी-एच' म्हणजे 'नक्तम्'मधील 'क्'चा अवशेष. सोमवारी नक्त धरणाऱ्या माझ्या आईस मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे इंग्रजही पूर्वी आपलेच शब्द वापरीत होते म्हणा की!" तिचे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर नाही, शब्द त्यांचेही आहेत व आपलेही, दोघांना ते तिसऱ्याच पूर्वजाकडून आले आहेत. पण घरात इंग्रजी वर्णलेखनाविषयी एवढी आपुलकी पूर्वी कधी व्यक्त झाली नव्हती.

इतके झाल्यावर कन्येच्या चुकीकडे वळतो. 'पुत्र' या अर्थाचा 'सन' हा संस्कृत 'सूनु'चा सगोत्र. आणि दुसरा 'सन' सूर्याच्या घराण्यातला. दोहोंतही पूर्वी 'यू'च होता. मग पुत्राच्या पदरी 'ओ' कसा आला? जुन्या टोकदार लिपीत 'यू', 'एन', 'एम', 'व्ही' ही अक्षरे म्हणजे निव्वळ उभ्या काठ्या असत. 'यू'च्या शेजारी 'एन' आला की चार सारख्याच काठ्या ओळीने उभ्या राहत आणि वाचणाऱ्याचा गोंधळ उडे. म्हणून लेखनिकांनी अशा ठिकाणी 'यू'ऐवजी 'ओ' लिहिण्याची युक्ती काढली, असे सामान्यतः मानले जाते. 'लव्ह', 'कम', 'मंक' या शब्दांतील 'ओ'ची हकीकत हीच. म्हणजे माझ्या मुलीने जे लिहिले ते एका अर्थी जुन्या इंग्रजीचे शुद्धलेखन होते. तिला तांबडी रेघ मिळाली ती मध्ययुगीन लेखनिकाच्या बोरूमुळे.

येथवर दोष इंग्रजीचा. पण काही समोच्चारी शब्द आपण स्वतः निर्माण केले आहेत, हे न्यायबुद्धीने कबूल केले पाहिजे. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम, 'वेस्ट' म्हणजे कचरा, 'वेस्ट' म्हणजे कंबर, आणि 'वेस्ट' म्हणजे बंडी. इंग्रजाच्या कानाला यांतील दोनच शब्द सारखे आहेत. आपल्या जिभेवर चारही एक होतात, कारण मराठीस 'ए' एकच आणि 'व' एकच. 'सेल' म्हणताच विकणे, विक्री, शीड आणि कोठडी ही चौघे एकदम हजर होतात. 'टेस्ट' शब्दात परीक्षा व चव एकत्र नांदतात. याउलट एक सूक्ष्म भेद आपण फार दक्षतेने जपला. इंग्रजी 'कॅट'मधल्या स्वरासाठी मराठीने अक्षरावर चंद्र काढला. हिंदीने तेथे 'ऐ'ची मात्रा चालविली. म्हणून येथे पाटीवर 'बैंक' दिसते आणि आपल्या गावी 'बँक'. नवा आलेला मराठी मनुष्य येथील पाटी 'बइंक' अशी वाचतो आणि हसतो. परंतु हिंदी बोलणाराच्या मुखी 'ऐ'चा उच्चार बहुधा त्या चंद्राच्याच जवळचा असतो, हे त्याला चार वर्षांनी कळते.

उलट प्रवासाची, म्हणजे आपली नावे रोमन लिपीत नेण्याची कथा तर आपणा सर्वांच्या सेवापुस्तकात लिहिलेली आहे. फोर्ट विल्यम कॉलेजच्या गिलख्रिस्टने 'अ'साठी 'यू', 'ई'साठी दोन 'ई' व 'ऊ'साठी दोन 'ओ' अशी इंग्रजी कानाची व्यवस्था लावली. त्याच्या आधी, १७८८ मध्ये, जोन्सने 'अ' व 'आ' दोन्हींसाठी 'ए' हेच अक्षर ठेवून वर खूण देण्याची, लॅटिन वळणाची व्यवस्था मांडली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हंटरने जोन्सची परंपरा थोडी सोपी करून सरकारी गॅझेटियरांत रुजविली. पण जुनी रूपे पुरती गेली नाहीत. 'पंजाब'मध्ये 'अ'साठी 'यू' अद्याप आहे. आणि 'कलकत्ता' या जुन्या वर्णलेखनात तर पहिल्या 'अ'ला 'ए' व दुसऱ्या 'अ'ला 'यू' अशा दोन्ही पद्धती एकाच शब्दात नांदत होत्या. आमच्या नगरीचे 'बेनारेस' असे वाचता येईल असे जुने इंग्रजी लेखन होते. २४ मे १९५६ पासून 'वाराणसी' हे अधिकृत नाव झाले. त्याच्या रोमन रूपात 'ए' तीन वेळा येतो, त्यांपैकी दोन दीर्घ 'आ' आणि एक ऱ्हस्व 'अ', पण कोणता कोणता हे लिपी सांगत नाही. विश्वविद्यालयाने 'बनारस' राखले. २०२१ मध्ये मंडुवाडीह स्थानकासही 'बनारस' हे नाव मिळाले. त्यामुळे बदलीवर येणाऱ्या नव्या मराठी अधिकाऱ्याला 'काशी', 'वाराणसी', 'वाराणसी सिटी' व 'बनारस' यांपैकी कोठे उतरावयाचे हे आधी पत्राने कळवावे लागते.

आपल्या आडनावांचा तर त्या मुक्या 'ई'ने छळ मांडला आहे. साने, माने, दाते, काणे ही नावे रोमन लिपीत 'ई'ने संपतात, आणि शाळेतला नियम चोख शिकलेला वाचक शेवटचा 'ई' मुका ठरवून मागच्या 'आ'चा 'ए' करतो. साने यांचा 'सेन' होतो, म्हणजे इंग्रजीत शहाणा. येथपर्यंत तक्रार नाही. दाते यांची 'डेट' होते, म्हणजे तारीख. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे कर्ते, १९६३ चे भारतरत्न, महामहोपाध्याय काणे यांचे नाव 'केन' असे उच्चारलेले मी याच विद्यानगरीत ऐकले आहे. 'ज्ञानेश्वर' हे नाव आपण 'डी-एन-वाय'ने आरंभितो आणि येथील लोक 'जी-वाय'ने. कारण एकच 'ज्ञ' आपल्या तोंडी 'द्न्य' होतो व त्यांच्या तोंडी 'ग्य'. दोघेही लिहिल्याप्रमाणे उच्चारीत नाहीत.

हे शेवटचे वाक्य लिहिल्यावर माझी लेखणी थांबली. इंग्रजीस हसण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे? देवनागरीत जसे लिहावे तसे वाचावे, असे आपण अभिमानाने सांगतो. मग 'शेष' या शब्दातील 'श' आणि 'ष' यांचा उच्चार आपण निरनिराळा करतो काय? 'कृष्ण' आपल्याकडे 'क्रुष्ण' आणि येथे 'क्रिष्ण' का ऐकू येतो? 'दिन' व 'दीन', 'सुत' व 'सूत', 'शिला' व 'शीला' या जोड्या भरभर बोलताना किती मराठी कानांना वेगळ्या वाटतात? ज्या परंपरेने ऱ्हस्व, दीर्घ व प्लुत यांची मोजमापे कोंबड्याच्या आरवण्यावरून समजाविली, तिचे आपण वारस. पण आपल्या जिभेवरचे माप केव्हाच सैल झाले आहे, आणि लेखन जुन्या मापाने चालले आहे. येथील जुने शास्त्री एका पित्याची गोष्ट सांगतात. तो मुलाला म्हणतो, फार शिकला नाहीस तरी चालेल, पण व्याकरण तेवढे शीक. नाहीतर 'स्वजन' म्हणता म्हणता 'श्वजन' म्हणशील आणि आप्तांची कुत्री होतील. समोच्चारी शब्दांची भीती लंडनपेक्षा काशीला अधिक जुनी आहे.

आणि 'कवी'? मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले चौदा नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले. १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. त्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, आणि संस्कृतातून जसेच्या तसे आलेले इकारान्त व उकारान्त शब्द मराठीत दीर्घान्त लिहावेत असे ठरविले, कारण मराठी उच्चारात शब्दाच्या शेवटी स्वर दीर्घच होतो. समासात पूर्वपद असेल तर मात्र ते ऱ्हस्व राहते. म्हणून 'कवी' पण 'कविसंमेलन'. हिंदीने संस्कृत रूप कायम ठेवले. एका भाषेने कानाचे ऐकले, दुसरीने पोथीचे. दोन्ही निर्णयांस कारणे आहेत आणि दोन्ही माणसांनी विचार करून घेतलेले आहेत.

वाईस माझे आजोबा असतात. वय नव्वदीच्या पुढे. आयुष्यभर प्राथमिक शिक्षक होते. कन्येने त्यांना जे पत्र पाठविले त्यात शाळेतील कविसंमेलनाची हकीकत होती, आणि त्या पत्रात पुन्हा एकदा 'कवि' ऱ्हस्वच पडला. मी ते पाहिले, पण पाकीट बंद झाले होते. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आले. चि. बाळीस अनेक आशीर्वाद, असे लिहून त्यांनी पुढे म्हटले होते की पत्रात 'मी कधी येणार' या ठिकाणी 'मि' झाला आहे, तेवढा सुधारावा. बाकी शुद्धलेखन उत्तम. 'कवि'वर रेघ नव्हती. मी त्यांची जुनी पत्रे काढून पाहिली. १९६२ पूर्वी शिकलेल्या त्या हाताने आजवर तो शब्द ऱ्हस्वच लिहिला आहे, 'नांव' आणि 'कांहीं' यांवरचे अनुस्वारही सोडलेले नाहीत. त्यांच्या दृष्टीने पणतीने काही चूक केलीच नव्हती.

त्या रविवारी मी मराठीची वही पुन्हा उघडली. तांबडी रेघ पुसता येत नाही, म्हणून तिच्याखाली एक ओळ लिहिली: आज मराठीत दीर्घ, हिंदीत ऱ्हस्व, पणजोबांच्या वेळी मराठीतही ऱ्हस्व. कन्येने ती वाचली आणि इंग्रजीची वही पुढे सरकविली. तिला 'डॉटर' या शब्दातील 'जी-एच'चे काय करावयाचे हे हवे होते. ते उच्चारायचे नाहीत तर पाठ का करायचे? मी तिला 'दुहिता' हा शब्द लिहून दाखविला आणि त्यातल्या 'ह'वर बोट ठेवले. इंग्रजांचे ते 'जी-एच' आणि आपला हा 'ह' एकाच मूळ व्यंजनापासून निघालेले आहेत. त्यांनी तो बोलण्यातून घालविला, लिहिण्यातून घालविला नाही. तिने तो शब्द पाच वेळा लिहिला. पाचही वेळा बरोबर आला.